दादांची बेडफर्ड

दरवर्षी 1 जून आला की आपल्या नगरमध्ये एस.टी.चा वाढदिवस साजरा होतो. वर्तमानपत्रांत त्या जुन्या बसचा फोटो येतो. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली. ड्रायव्हर होते किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे. बसची बॉडी लाकडी होती आणि आत काथ्याच्या बैठका होत्या. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, माणसं अजून नगरच म्हणतात, पण ही दोन नावं शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. आमच्याकडे सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो.

ती बस होती बेडफर्ड कंपनीची. बेडफर्ड हे इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातल्या एका शहराचं नाव. त्या परगण्यातल्या लुटन शहरात व्हॉक्सहॉल कंपनीचा कारखाना होता आणि 1931 पासून तिथे बेडफर्ड नावाच्या लॉऱ्या तयार होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यानं ब्रिटिश फौजेसाठी सुमारे अडीच लाख लॉऱ्या बनवल्या. गाडीची चासी एकच असायची. तिच्यावर बाकडी बसवली की बस व्हायची, हौदा ठोकला की लॉरी. बाकड्यांच्या बेडफर्डचा इतिहास लिहिला गेला आहे. हौद्याच्या बेडफर्डचा मी कुठे वाचला नाही. तो आमच्यासारख्या घरांमध्ये तोंडी शिल्लक आहे, आणि सांगणारी तोंडं एकेक करून मिटत चालली आहेत. म्हणून हे लिहायला बसले.

माझे दादा लढाईच्या काळात लॉरीवर लागले. तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. नगर हे लष्कराचं जुनं ठाणं. भुईकोट किल्ल्यात मौलाना आझाद, पंडित नेहरू आणि इतर नेते कैदेत होते, आणि बाहेरच्या रस्त्यांवर फौजी लॉऱ्यांची ये-जा चालायची. मौलानांनी किल्ल्यात बसून ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली. ती मी आज वर्गात शिकवते, तेव्हा मनात येतं की मौलानांच्या कोठडीपर्यंत ज्या लॉऱ्यांचा आवाज जात असेल, त्यांतल्याच एखादीला माझे दादा पहाटे हँडल मारत असतील.

हँडल मारणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. तेव्हाच्या गाड्यांना सेल्फचा भरवसा नसायचा. गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून इंजिन हातानं फिरवावं लागे. उस्तादाचा पहिला धडा अंगठ्याचा असे. हँडलभोवती मूठ आवळायची नाही, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटं झटकलं तर हँडल मागे फिरतं आणि गुंडाळलेला अंगठा मोडून जातो. हा धडा कुठल्याही पुस्तकात नव्हता. एखाद्या किलिंडरनं तो मनावर घेतला नाही, तर त्याच्या वाकड्या अंगठ्याकडे बोट दाखवून पुढच्यांना शिकवलं जाई.

लढाई संपली आणि फौजेनं जुन्या गाड्या विकायला काढल्या. ज्यांच्याकडे चार पैसे होते त्यांनी त्या घेतल्या, रंग बदलला, हौदे ठोकले आणि भाडी मारायला सुरुवात केली. दादांना तोवर डबल क्लच येऊ लागला होता. त्या काळच्या गिअरपेटीत गिअर आपोआप जुळत नसे. एकदा क्लच दाबून गिअर सोडवायचा, इंजिनाचा वेग बघायचा, पुन्हा क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा. कान तयार नसेल तर पेटी किंचाळायची आणि उस्तादाची थप्पड पाठीवर पडायची. दुसरा नियम घाटाचा. ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर विसंबून उतरणारा करंजी घाटात किंवा इमामपूरच्या उतारावर फार काळ टिकत नसे.

मग आलं 1948 साल. एस.टी. सुरू झाली आणि तिला ड्रायव्हर हवे होते. दादांच्या बरोबरीचे दोघं-तिघं गेले. खाकी कपडे, महिन्याच्या महिन्याला पगार, प्रॉव्हिडंट फंड, घरच्यांना पास. दादांनाही बोलावणं होतं. ते गेले नाहीत. कारण विचारलं की हसून म्हणायचे, “घंटी बजी तो रुको, घंटी बजी तो चलो. ये अपने से नई होता.” दादी यावर काही बोलायची नाही. पण शेजारच्या एस.टी.वाल्याकडे महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला गूळ-शेंगदाण्याचा पुडा यायचा, त्या दिवशी ती आमच्या चुलीवरचं भांडं जरा जोरात ठेवायची.

दादांच्या त्या नकाराचा अर्थ मला मोठी झाल्यावर कळला. 1948 सालीच तिकडे इंग्लंडच्या सरकारनं लांब पल्ल्याची मालवाहतूक आपल्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’ या एकाच नावाखाली हजारो लॉऱ्या आल्या. 1953 नंतर पुन्हा त्या विकायला काढल्या, तो भाग वेगळा. आपल्याकडे सरकारनं प्रवासी घेतले आणि माल सोडून दिला. माणसं वाहणारी गाडी सरकारी झाली आणि धान्य वाहणारी खाजगी राहिली. मुंबईत 1959 साली असगर पटेल यांनी ‘पटेल रोडवेज’ सुरू केली, तशी काही मोठी नावं पुढे आली. पण गावोगावची बहुतेक वाहतूक एका गाडीच्या मालकांच्या हाती होती. कुणाची जमीन गहाण, कुणाच्या बायकोचे दागिने मोडलेले, आणि दारात एक लॉरी.

दादांनाही स्वतःची गाडी हवी होती. सावकाराचं व्याज घ्यायचं नाही यावर दादा-दादी दोघांचं एकमत होतं. बहुधा एवढ्याच गोष्टीवर होतं. मग जेऊरच्या बाजूचे एक मराठा शेतकरी दोस्त पुढे आले. निम्मा पैसा त्यांचा, निम्मा दादांचा, आणि चालवायची दादांनी. अशी 1956 च्या सुमारास एक वापरलेली पाच टनी बेडफर्ड दारात आली. हिशेबाची वही एकच होती. दोस्त पहिल्या पानापासून मराठीत लिहायचे आणि दादा शेवटच्या पानापासून उर्दूत. दोन्ही लिखाणं मधे भेटली की वही संपायची, आणि त्या दिवशी वाटणी व्हायची. तीस वर्षांत दोन्ही घरांमध्ये या वहीवरून कधी आवाज चढला नाही. त्यांतली एक वही माझ्याकडे आहे. डावीकडून ‘टायर, पंक्चर, जकात, हमाली’ आणि उजवीकडून तेच शब्द उर्दूत.

भाषा शिकवणारी असल्यामुळे मला त्या वहीतले शब्द सोडवत नाहीत. ‘जकात’ बघा. आपल्या घरात जकात म्हणजे वर्षाला हिशेब करून गरिबाचा हक्क द्यायचा. दादांच्या रस्त्यावर जकात म्हणजे गावाच्या वेशीवरचा नाका आणि रांग. लहानपणी मला वाटायचं, दादा फार मोठे परहेजगार असणार, रोज दोन-तीनदा जकात देतात! ‘हमाल’, ‘दलाल’, ‘वजन’ हे शब्द अरबीतून आले आणि मार्केट यार्डात इतके मराठी झाले की कुणाला परके वाटत नाहीत. हत्तीच्या पाठीवरचा ‘हौदा’ लॉरीच्या पाठीवर आला. इंग्रजी शब्दांचीही तीच गत. लेलँडची ‘लेलन’ झाली, क्लीनरचा ‘किलिंडर’ झाला, पर्किन्सच्या इंजिनाला सगळे ‘परकीन’ म्हणत. मूळ बेडफर्ड पेट्रोल प्यायची. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सची डिझेल इंजिनं बनू लागली, तेव्हा अनेकांनी जुन्या गाड्यांत ती बसवून घेतली. आमच्या बेडफर्डच्या पोटातही असंच परकीन होतं. आणि ‘अमानत’ या शब्दाचं मराठीत ‘अनामत’ झालं. अक्षरांची जागा बदलली, अर्थ तोच राहिला. दुसऱ्याची वस्तू, आपल्याकडे विश्वासानं ठेवलेली.

लॉरीचा सगळा धंदा या एका शब्दावर उभा होता. बिल्टीचा एक कागद घेऊन व्यापारी पन्नास पोती साखर अनोळखी माणसाच्या हवाली करायचा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला, पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी असे कारखाने वाढत गेले. साखर, ज्वारी, कांदा, गूळ, जे मिळेल ते घेऊन दादा पुण्याला, मुंबईला, मराठवाड्यात जायचे. तेव्हा मोबाईल नव्हता. गेलेली गाडी कुठे आहे, हे घरी कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे समोरून आलेला दुसरा ड्रायव्हर. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू करून ओरडायचा, “आळेफाट्याला भेटले होते, बरे आहेत!” दादी दारामागून “शुक्र है” म्हणायची आणि मगच जेवायला बसायची. माळशेज घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की असे निरोप बंद व्हायचे. त्या दिवसांत दादीचे नफल रोजे सुरू व्हायचे. लॉरी दादा चालवत असतील, पण ती घरी परत आणायचं काम आपल्याकडे आहे, असं दादी धरून चालायची.

या गाडीची एक गोष्ट आमच्या घरात पुनःपुन्हा सांगितली जाते. 1972 चा दुष्काळ. नगर जिल्ह्यानं तो किती सोसला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रोजगाराच्या कामांवर माणसं उन्हात खडी फोडत होती आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळत होता. अब्बा तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि दादांबरोबर गाडीवर जात होते. नगरच्या मालधक्क्यावरून मिलोची पोती भरून दोघं पाथर्डीला निघाले, आणि करंजी घाटाच्या अलीकडे मागचा एक्सल तुटला. किलिंडरला दुसऱ्या गाडीनं नगरला धाडलं. दादा आणि अब्बा रस्त्याच्या कडेला राहिले. वर ताडपत्री, आत पन्नास पोती धान्य आणि आजूबाजूला उपाशी मुलूख.

संध्याकाळी खडीच्या कामावरून सुटलेली माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय हाय गाडीत?”

अब्बा सांगायचे की त्यांच्या तोंडात खोटं उत्तर तयार होतं. सिमेंट म्हणून सांगावं. पण दादा सरळ म्हणाले, “मिलो आहे. पाथर्डीच्या दुकानांचा. तुमच्यासारख्यांचाच.”

म्हातारा काही बोलला नाही. माणसं तिथंच बसली. अंधार पडला. अब्बांनी हँडल हाताशी घेतलं होतं. दादांनी ते काढून केबिनमध्ये ठेवायला लावलं. रात्री कोणीतरी बाईमाणूस तांब्याभर पाणी घेऊन आली. त्या उन्हाळ्यात तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. दादांनी स्वतःच्या डब्यातलं पीठ आणि गूळ काढून दिला. किलिंडर एक्सल घेऊन दोन दिवसांनी आला. दोन्ही रात्री त्या माणसांतले तीन-चार जण आळीपाळीनं गाडीपाशी बसून होते. पाथर्डीला पोती मोजली. पन्नास भरली. दुकानदारानं दादांची पाठ थोपटली, तेव्हा दादा म्हणाले, “माल मैं नई संभाला. वो भूके लोगां संभाले.”

अमानत हा शब्द मुलांना समजावताना मी ही गोष्ट सांगते. धडा म्हणून दादांचं नाव घेत नाही. त्या खडी फोडणाऱ्यांचं घेते. मात्र त्यांची नावं दादांनाही माहीत नव्हती.

बेडफर्ड मी शेवटची पाहिली तेव्हा सहा-सात वर्षांची होते. समोरची जाळी माझ्या डोक्याच्या वर होती आणि केबिनमध्ये डिझेल, अत्तर आणि कांद्याचा मिळून एक वास येत असे. 1986 साली तिकडे इंग्लंडमध्ये बेडफर्डच्या मालकांनी लॉऱ्यांचा धंदा सोडायचं ठरवलं. त्याच सुमारास आमची गाडीही भंगारात गेली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आमच्या गाडीचे पाटे सारखे तुटत होते आणि सुटे भाग मिळेनासे झाले होते. तोवर रस्ता टाटा आणि लेलँडचा झाला होता. टाटांनी 1954 मध्ये जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक बनवायला घेतले आणि 1969 मध्ये तो करार संपल्यावर स्वतःच्या नावानं चालू ठेवले. मद्रासजवळ एन्नोरला अशोक मोटर्स होती. इंग्लंडच्या लेलँड कंपनीनं तिच्यात भागीदारी घेतली आणि 1955 मध्ये तिचं नाव अशोक लेलँड झालं. म्हणजे एका विलायती गाडीला निरोप देऊन आमच्या अब्बांनी दुसऱ्या विलायती नावाची गाडी धरली. फरक एवढाच की ती गाडी दुसऱ्याची होती. अब्बा पगारी ड्रायव्हर झाले.

इथून पुढची गोष्ट आठवणींसारखी गोड नाही. मालवाहतुकीच्या कामगारांसाठी 1961 चा एक कायदा होता. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला सुटी, असं त्यात लिहिलं होतं. पण तो लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. एका-दोन गाड्यांच्या मालकाकडे पाचाचा आकडा भरायचा कसा? अब्बांनी एकोणचाळीस वर्षं गाडी चालवली. भत्ता रोजचा रोज मिळायचा आणि रोजचा रोज संपायचा. पुढे रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःहून चावी मालकाच्या टेबलावर ठेवली. शेवटच्या महिन्याचा पगार मिळाला. फंड नव्हता, पेन्शन नव्हतं, नोकरी केल्याचा एक कागदही नव्हता. दादीनं 1948 पासून न बोललेली गोष्ट त्या दिवशी अम्मी बोलली, “खाकी घातली असती तर!” अब्बांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी आम्हा तिन्ही बहिणभावंडांच्या मार्कशीटा ठेवलेली पत्र्याची पेटी उघडली, आतले कागद सरळ केले आणि पेटी पुन्हा बंद केली. माझं डी.एड., मग बी.ए., मग बी.एड., सगळं त्या भत्त्यांतून वाचवलेल्या पैशांवर झालं.

आता माझ्या वर्गाचं सांगते. जूनमध्ये मुलांकडून माहितीचा तक्ता भरून घ्यावा लागतो. त्यात ‘पालकांचा व्यवसाय’ असा रकाना असतो. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलानं तिथे ‘बिझनेस’ लिहिलं. त्याचे वडील सुप्याच्या एमआयडीसीतून न्हावाशेवा बंदरापर्यंत कंटेनर नेतात, हे मला माहीत होतं. मी त्याला काही म्हटलं नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोराला ‘ड्रायव्हर’ लिहायची लाज वाटते, ती त्याची एकट्याची नसते. ती त्यानं आपल्या बोलण्यातून उचललेली असते. लग्नाच्या बोलणीत “मुलगा ड्रायव्हर आहे” हे वाक्य आपण कोणत्या आवाजात उच्चारतो, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. त्याच घरातलं धान्य, औषध, मुलीच्या जहेजला दिलेलं कपाट, सगळं कुणीतरी रात्रभर जागून आणलेलं असतं.

मी वर्गाला एक काम दिलं. घरात, नात्यात, शेजारी जे कोणी ड्रायव्हर, किलिंडर, मिस्त्री, हमाल असतील त्यांच्याकडून धंद्याचे शब्द गोळा करायचे, मराठीत आणि उर्दूतही लिहायचे. पंधरा दिवसांत दोनशेच्या वर शब्द जमले. पाना, टॉमी, पाटे, फाळका, बिल्टी, खेप. कोणता शब्द कोणत्या भाषेतून आला यावर मुलांमध्ये भांडणं झाली, आणि भाषेच्या तासाला मुलं भांडावीत यापेक्षा शिक्षकाला काय हवं? ‘बिझनेस’ लिहिणाऱ्या मुलाची यादी सगळ्यांत लांब निघाली. कंटेनर गाडीला कसा कसतात, हे त्यानं फळ्यावर चित्र काढून दाखवलं. कुणी सांगितल्याशिवाय तो म्हणाला, “हे पप्पांनी शिकवलं.”

त्यानंतर आम्ही एक वही केली. शब्दांबरोबर माणसंही लिहायची, असं ठरलं. रकाने मुलांनीच पाडले. नाव, कोणती गाडी, किती वर्षं, कोणता माल, सगळ्यांत लांबची खेप. ज्यांच्या घरात असे वडीलधारे असतील, त्या वाचकांनीही एक वही करावी, असं मला वाटतं. दोन अडचणी येतात, त्या आधीच सांगते. पहिली, ही माणसं “त्यात काय सांगायचं?” म्हणून टाळतात. तेव्हा आयुष्याबद्दल विचारू नका, गाडीबद्दल विचारा. घाटात पाणी उकळलं की काय करायचात, असं विचारलं की ते आपोआप बोलू लागतात. दुसरी, उशीर करू नका. दादांना मी विचारायला शिकले तोवर दादा नव्हते. या लेखातलं बरंचसं अब्बांच्या तोंडून आलेलं आहे.

वही घेऊन मी पहिली अब्बांकडे गेले. त्यांनी दादांचं नाव सांगितलं, मग स्वतःचं. रकाने वाचायला लावले, दोनदा. मग म्हणाले, “एक खाना कम है.”

मी विचारलं, “कोणता?”

“किलिंडर कौन था, वो भी लिखना.” आणि त्यांनी बोटांवर मोजत एकेक नाव सांगायला सुरुवात केली. बाराव्या नावाला रकान्याची जागा संपली, तेव्हा मी पान उलटलं.